ऋषीची भाजी : एका गंजातील इतिहास

गेल्या माघ महिन्यात आमच्या सौंसरच्या घरी एक ग्रीक भाजी शिजली. नववीत शिकणाऱ्या नातीने तिची कृती कोठूनशी वहीत उतरवून घेतली होती. भाजीचे नाव ‘ब्रियाम’. वांगी, बटाटे, कांदे, टोमॅटो आणि झुकिनी नावाची एक फळभाजी यांच्या जाड चकत्या करायच्या, मीठ, लसूण व भरपूर ऑलिव्हचे तेल घालून त्या पसरट भांड्यात रचायच्या आणि भट्टीत मंद आचेवर तासाभराहून अधिक वेळ शिजू द्यायच्या. वाटण नाही, मसाला नाही, फोडणी नाही. झुकिनी सौंसरच्या बाजारात मिळणार कोठून? तिच्या जागी दुधी आला. तेल नागपुराहून आले. भट्टीचे काम जाड बुडाच्या गंजाने निभावले. भाजी पानात पडली, आमच्या सौभाग्यवतींनी पहिला घास घेतला आणि त्या म्हणाल्या, ‘‘ही तर आपली ऋषीची भाजीच की! फक्त तेलात बुडवलेली.’’

शासकीय सेवेत उभे आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी सहज काही बोलले, तरी त्याची मागील नस्ती काढून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आम्हीही तेच केले. सौभाग्यवतींचे ते वाक्य कितपत खरे आहे, हे पाहता पाहता भाद्रपद उजाडला, आणि ज्या भाजीला आम्ही साठ वर्षे गृहीत धरत आलो, तिच्याविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक होते, याची जाणीव झाली.

ऋषिपंचमी म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी, गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस. कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ हे सप्तर्षी व त्यांच्यासह अरुंधती यांची पूजा त्या दिवशी होते. बैलाच्या श्रमातून आलेले काहीही त्या दिवशी खायचे नाही, हा त्या व्रताचा नियम. दोन-तीन दिवसांनी महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातही सोळा भाज्या एकत्र शिजतात; परंतु तेथे तेल, मसाले, पोळी, पुरण सारे चालते. ऋषीच्या भाजीला ही सूट नाही. नांगरल्या शेतातला गहू नाही, ज्वारी नाही, डाळ नाही, तीळ-जवस नाही. जे परसात हाताने लावले, कुंपणावर चढले, मांडवावर लोंबले किंवा पावसाने आपोआप उगवले, तेवढेच गंजात जायचे.

आमच्या आईचे माहेर पांढुर्ण्याचे. तिची पद्धत येथे नोंदवून ठेवतो, कारण ती कोठेही लिहिलेली नाही. आठ-दहा माणसांसाठी धोप्याची आठ-दहा पाने देठांसह, पाव किलो अरबीचे कंद, अर्धा किलो लाल कोहळे, दोन दोडके, एक पडवळ, एक काकडी, पाव किलो बरबटीच्या शेंगा, तितकीच भेंडी, परसातल्या मक्याची दोन कोवळी कणसे, मूठभर अंबाडी, मिळाल्यास काटवल, आणि पावसाळी रानभाज्यांपैकी तरोटा, केना किंवा घोळ यांतले जे हाती लागेल ते. तिखटासाठी चार-पाच हिरव्या मिरच्या, आंबटासाठी लिंबाएवढी चिंच, वर शेंदेलोण आणि चिरलेला सांबार.

कणसाचे तुकडे व अरबी प्रथम पाण्यात शिजायला टाकावी. ती अर्धी शिजली की शेंगा व कोहळे, मग दोडके, पडवळ, काकडी व भेंडी. धोपा, अंबाडी आणि चिंचेचा कोळ मात्र कंद पूर्ण मऊ झाल्यावरच घालावा. आई म्हणे, ‘‘आंबट आधी पडलं की कंद रुसतो.’’ ते खरे आहे. आम्लात कंद आणि शेंगा मऊ व्हायला फार वेळ घेतात. परंतु चिंच अजिबात वगळूनही चालत नाही. धोप्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. चिंच आणि भरपूर शिजवणे हाच त्यावरचा घरगुती उपाय. शेवटी फोडणी नाही. पानात वाढल्यावर वरून घरच्या लोण्याचा लहानसा गोळा. सोबत पसईचे, म्हणजे पाणथळ जागी आपोआप उगवणारे तांदूळ. ते न मिळाल्यास डोंगराकडून आलेली कुटकी.

तेल का नाही, असे लहानपणी आम्ही एकदा विचारले होते. आईने दिलेले उत्तर आजही स्मरते. शेतातला तीळ बैलाने पिकवलेला, आणि तेल्याच्या घाण्याला पुन्हा बैलच जुंपलेला. तेलात बैलाचा घाम दोनदा पडतो, म्हणून ते दुप्पट वर्ज्य. उसाच्या चरकालाही बैलच फिरत असे, म्हणून गूळही नाही. ग्रंथांत हे कारण असेलच असे नाही. परंतु नियम कशासाठी आहे, हे त्या निरक्षर बाईला पक्के उमगलेले होते.

ग्रंथांकडे वळले की या नियमाचे मूळ फार मागे जाते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने कसे राहावे हे सांगितले आहे. फाळाने नांगरलेल्या भूमीत उपजलेले अन्न त्याने खाऊ नये, असा त्यात स्पष्ट निर्देश आहे. नांगराविना पिकणाऱ्या अन्नाला संस्कृतात ‘अकृष्टपच्य’ असा सुंदर शब्द आहे. अरण्यातल्या ऋषीचे रोजचे जे अन्न, ते गृहस्थाने वर्षातून एक दिवस खावे, हा ऋषिपंचमीचा गाभा दिसतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या व्रतखंडात हे व्रत आलेले आहे. म्हणजे आपल्या भाषेत ज्ञानेश्वरी लिहिली जात होती त्या शतकात हे व्रत मान्यता पावलेले होते.

हा नियम केवळ मराठी घरांचा नाही, हे आम्हाला नोकरीमुळे कळले. १९८९ साली आमची नेमणूक दुर्गला होती. तेव्हा छत्तीसगड वेगळे राज्य झालेले नव्हते. श्रावण सरत आलेला असताना शेजारच्या वृद्ध माउलींनी मोहाच्या पानांच्या द्रोणात लालसर भात, सहा पालेभाज्यांची मिसळ आणि म्हशीचे दही आणून दिले. ‘कमरछठ’ म्हणजे हलषष्ठीचा तो प्रसाद होता. लेकराबाळांच्या आयुष्यासाठी आया हे व्रत करतात. अंगणात ‘सगरी’ नावाचे लहानसे तळे खणून पूजा करतात आणि नांगरल्या जमिनीतले काही खात नाहीत. तो लालसर भात पसहरचा होता, अर्थात आमच्या आईच्या पसईचा. घरापासून इतक्या दूर पानात तो दिसला तेव्हा काही काळ आम्हाला बोलवेना.

येथे पंचांगाची एक गंमत आहे, ती सीमेवर राहणाऱ्यांच्याच लक्षात येते. हिंदी भाषिक शेजारी हलषष्ठीला भाद्रपद कृष्ण षष्ठी म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला संपतो, म्हणून तीच तिथी आपल्याकडे श्रावण वद्य षष्ठी. नावे दोन, चंद्र एकच. त्या षष्ठीनंतर नऊ दिवसांनी अमावास्येला पोळा, आणि पोळ्यानंतर पाच दिवसांनी ऋषिपंचमी. एका पंधरवड्याच्या आत आपला प्रदेश आधी नांगराचे अन्न वर्ज्य करतो, मग बैलाला न्हाऊमाखू घालून पुरणपोळी खाऊ घालतो, आणि शेवटी बैलाच्या कष्टाचे अन्न बाजूला ठेवतो. पेरणी-डवरणी संपून बैल मोकळा झालेला, खरिपाचे धान्य अद्याप शेतात उभे, घरातल्या कणगीचा तळ दिसू लागलेला आणि कुंपणावर मात्र वेलींचा सुकाळ, असा हा काळ. बाहेरच्या जगाला पांढुर्णे ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे. त्या दगडांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. चार दिवसांनी त्याच गावांतल्या चुलींवर जे शिजते, त्याची बातमी होत नाही.

नांगराविना जगणे आपल्याला एका दिवसापुरते. आपल्या डोंगरांतल्या शेजाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. मंडला-बालाघाटकडचे बैगा जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत बी फेकत. या शेतीला ‘बेवर’ म्हणतात. धरतीमातेची छाती नांगराने फाडणे पाप, अशी त्यांची श्रद्धा व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्यावरील ग्रंथात नोंदवली आहे. इंग्रजांच्या वनखात्याने बेवरवर निर्बंध आणले आणि १८९० साली ती मंडला जिल्ह्यातील ‘बैगा चक’ नावाच्या मर्यादित क्षेत्रापुरती ठेवली. ज्या आहाराला आपण ऋषींचा म्हणून हात जोडतो, तोच आहार मिळवणाऱ्या माणसांना सरकारने नांगर धरायला भाग पाडले. शासनाचे मीठ खाल्लेल्या आमच्यासारख्याने हे लिहिताना अवघडायला होते, परंतु नोंद खरी करावी, हेच आम्ही नोकरीत शिकलो.

आता आपल्या पूर्वजांकडे येऊ. पांढुर्णा-सौंसरचा हा पट्टा देवगडच्या गोंड राजांचा. अठराव्या शतकाच्या मध्यात नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे स्थिरावली आणि तिच्यासोबत व तिच्यामागून शेती, हाटबाजार, विणकाम, घाणा, दप्तर सांभाळणारी मराठी कुटुंबे येत राहिली. १८५३ साली तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ साली मध्य प्रांत झाला, १९०३ साली त्याला वऱ्हाड जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपुराहून भोपाळला गेली आणि ज्या नागपुरात आपल्या मुली दिल्या-घेतल्या जात, ते परराज्य झाले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात सौंसर आले. या सर्व घडामोडींत घरातली बोली बदलली, शाळा बदलली, अर्जाची भाषा बदलली. धोपा, कोहळे, सांबार, गंज हे शब्द मात्र स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआड टिकले. पुण्याकडचे पाहुणे ‘सांबार’ म्हटले की इडलीची वाट पाहतात. आम्ही कोथिंबीर पुढे करतो.

आपण पूर्वापार म्हणून जे जपतो, त्याची तपासणी केली की पुष्कळदा संकोच वाटतो. ऋषीच्या गंजातल्या भाज्यांची गावे शोधू लागलो तेव्हा तसेच झाले. दोडके, पडवळ, काकडी, धोपा ही आशियातली जुनी मंडळी. चवळीवर्गातली बरबटी आफ्रिकेत उगम पावून फार प्राचीन काळी इकडे आलेल्या कुळातली. परंतु लाल कोहळे, मका आणि हिरवी मिरची या तिघांची जन्मभूमी अमेरिका. कोलंबस १४९२ साली तेथे पोहोचला, पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, आणि त्यानंतरच्या काळात ही पिके दर्यापारहून भारतात येऊन पसरली. म्हणजे वसिष्ठ-अरुंधतींनी कोहळ्याची फोड चाखलेली नाही, आणि हेमाद्रीच्या काळच्या ऋषिपंचमीत मिरचीचा तिखटपणा नव्हता. या भाजीतला सर्वांना आवडणारा गोडवा कोहळ्याचा व मक्याचा, म्हणजे पाहुण्यांचा आहे.

ग्रीकांची कथा याहून वेगळी नाही. त्यांच्याकडे ‘लादेरा’ नावाचा भाज्यांचा एक वर्गच आहे. त्याचा अर्थ तेलातले पदार्थ. तेथील सनातनी ख्रिस्ती संप्रदायात ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस आणि वर्षातले इतर अनेक दिवस मांस, अंडी, दूध वर्ज्य असते. अधिक कडक दिवशी तेलही चालत नाही. अशा उपवासांत या भाज्याच घराला तारतात. पूर्वी खेड्यातल्या घरी भट्टी नसे. बाई भाजीचे ताट रचून पाववाल्याच्या भट्टीत पाठवी आणि जेवणाच्या वेळी घेऊन येई. आज ब्रियामची ओळख ज्यांच्यावरून होते, त्यांतले टोमॅटो आणि बटाटा अमेरिकेचे. ग्रीस स्वतंत्र होताना तेथील पहिले राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास यांनी १८२८ ते १८३१ या आपल्या कारकिर्दीत बटाट्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. लोक बटाट्याला हात लावीनात, तेव्हा त्यांनी बटाट्यांच्या ढिगावर पहारा बसवला आणि मौल्यवान वस्तू समजून लोकांनी तो ढीग चोरून नेला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. वसुलीच्या खात्यातल्या माणसाला हा उपाय सुचला नसता!

आणि त्या ब्रियाममधले वांगे कोणाचे? ते आपल्याकडचे. संस्कृतातला ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाला, अरबीत ‘बादिंजान’. अरबांसोबत तो भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचला. ग्रीक ‘मेलित्झाना’, स्पॅनिश ‘बेरेंखेना’, फ्रेंच ‘ओबर्जिन’ ही सारी त्याच घराण्यातली नावे. पोर्तुगीजांचे ‘बेरिंजेला’ पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आले आणि इंग्रज त्यालाच ‘ब्रिंजल’ म्हणू लागले. आपले वांगे परदेशी नाव धारण करून घरी परतले, आणि परतताना त्याच जहाजांतून मिरची घेऊन आले असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. सौभाग्यवतींच्या जिभेने एका घासात जे ओळखले, ते आम्हाला सहा महिने वाचून कळले. दोन्ही भाज्या उपवासाच्या नियमातून घडल्या आहेत आणि दोन्हींत जगभरचे पाहुणे आहेत. ते आत आले, कारण नियमाने त्यांना अडवले नाही. वनस्पती कोठली, हे ऋषीच्या भाजीने कधी विचारले नाही. तिच्यासाठी कोण राबले, एवढेच विचारले.

इथवर सारे आमच्या मनासारखे चालले होते. भाद्रपदाच्या आरंभी एका संध्याकाळी नातीने ऋषिपंचमीची कहाणी वाचून काढली आणि पुस्तक मिटून आमच्यासमोर ठेवले. कहाणी सर्वांना ठाऊक आहे. एका ब्राह्मणाची बायको विटाळशी असताना घरात कालवाकालव करते. त्या दोषाने पुढच्या जन्मी ती कुत्री होते आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल. दोघे आपल्याच मुलाच्या दारी येतात. श्राद्धाच्या दिवशी साप खिरीत गरळ टाकतो. कुत्री ते पाहते आणि खीर खाऊन माणसे मरू नयेत म्हणून भांड्याला तोंड लावते. सून तिला मारते, उपाशी ठेवते. रात्री ती गोठ्यात जाऊन बैलाला आपले दुःख सांगते. बैल म्हणतो, मीही दिवसभर राबलो आणि मला चारा मिळालेला नाही. मुलगा हे ऐकतो, दोघांना खाऊ घालतो, ऋषींना उपाय विचारतो आणि ऋषी त्याला हे व्रत सांगतात.

‘‘आबा, यात त्या बाईचं पाप कोणतं?’’ नातीने विचारले. आम्ही उत्तरासाठी शब्द जुळवत होतो, तोच ती म्हणाली, ‘‘पाप धुवायची भाजी असेल तर मी नाही खाणार.’’

छत्तीस वर्षांच्या नोकरीत अनेक अवघड प्रश्नांना आम्ही नियम दाखवून उत्तरे दिली होती. येथे नियमच प्रश्नाच्या पिंजऱ्यात उभा होता. पहिला मोह असा झाला, की आईचा दाखला द्यावा. आई ही कहाणी सांगे तेव्हा बहुधा गोठ्यापासूनच आरंभ करी. बैल काय म्हणाला, यावरच तिचा भर असे. परंतु हा दाखला अर्धाच खरा होता. उरलेला अर्धा सौभाग्यवतींनी सांगितला, कारण आईने तो सुनेला सांगितला होता, मुलाला नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच ऋषिपंचमीला आईची पाळी आली. माहेरी ती ज्या भाजीत पटाईत म्हणून नावाजलेली, ती भाजी सासरी प्रथमच करायची होती. ती मागच्या दाराच्या कोपऱ्यात बसून राहिली; चिरणे, शिजवणे दुसऱ्यांनी केले, आणि कंदाच्या आधी चिंच पडलेली भाजी तिला दुरून वाढली गेली. अरबी कच्ची होती. ‘कंद रुसतो’ हे आईचे वाक्य आम्ही जन्मभर पाककृती म्हणून ऐकले. त्यात त्या दिवसाची आठवण होती, हे आम्हाला या वयात कळले.

नातीला आम्ही मग जे सांगितले, ते असे. कहाणीत दोन दुःखे आहेत. एक बाईचे, जे कहाणी रचणाऱ्याने पाप ठरवले. दुसरे बैलाचे, जे त्याने पाप ठरवले नाही. उलट मुलाला त्याची लाज वाटायला लावली. पहिल्या बाबतीत कहाणी चुकली, असे म्हणायला आम्हाला आता संकोच वाटत नाही. त्या कुत्रीने तर विषापासून घर वाचवले. कहाणीतल्या सर्वांत शहाण्या जिवालाच मार पडला. दुसऱ्या बाबतीत मात्र कहाणी जे सांगते, ते आजही तितकेच खरे आहे. ज्याच्या कष्टावर आपण जेवतो, तो गोठ्यात उपाशी उभा असेल, तर आपले श्राद्ध व्यर्थ आहे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील एक नोंद या वेळी उपयोगी पडली. हे व्रत मुळात सर्व वर्णांच्या पुरुषांनाही सांगितलेले होते. पुढे ते मुख्यतः स्त्रियांचे होऊन राहिले, असे ते दाखवतात. म्हणजे व्रत केवळ रजोदोषाच्या क्षालनासाठीच आहे, हे म्हणणे परंपरेच्या दृष्टीनेही अपुरे ठरते. आणि कहाणीतही व्रत करणारा अखेर मुलगाच आहे. पुरुषांनी या भाजीतून अंग कधी आणि कसे काढून घेतले, हे ग्रंथ सांगत नाहीत; आमच्या घरापुरते आम्ही सांगू शकतो. आम्ही वडिलांना धोप्याचे एक पानही चिरताना कधी पाहिले नाही, आणि साठी उलटेपर्यंत स्वतःही चिरले नव्हते.

सूनबाईंनी आणखी एक पेच टाकला. ‘‘बाबा, आपल्या शेतात गेली कित्येक वर्षं बैल नाही, ट्रॅक्टर आहे. मग आता गव्हाची पोळीसुद्धा ऋषीची झाली म्हणायची!’’ सगळे हसले, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बैलजोड्या झपाट्याने कमी झाल्या आहेत. काही गावांत पोळ्याला ट्रॅक्टरलाच हार घालतात. नियमाचे अक्षर पाहिले तर सूनबाईंचे म्हणणे बिनतोड आहे. आशय पाहिला तर नाही. आमच्या शेतात आज कापूस वेचतात त्या बायका, संत्र्याच्या बागेत उन्हातान्हात खुरपणी करतात ती माणसे. बैलाची जागा केवळ यंत्राने घेतलेली नाही. पोळी बाजूला ठेवायची ती त्यांच्या आठवणीने, असे ठरले.

ऋषिपंचमीच्या सकाळी आमच्या घरी तीन पिढ्या विळी घेऊन बसल्या. चिरंजीवांनी कोहळे कापले, आम्ही धोप्याचे देठ सोलले. हाताला खाज सुटली तेव्हा सौभाग्यवतींनी न बोलता चिंचेचे बोटूक पुढे केले. त्यांनी आदल्या रात्रीच सर्वांना सांगून टाकले होते, की या घरात या भाजीसाठी कोणालाही बाजूला बसावे लागणार नाही. तो निर्णय त्यांचा. आम्ही फक्त नोंद घेतली. पूजेला नात बसली नाही, आम्ही आग्रहही केला नाही. चुलीपाशी मात्र ती शेवटपर्यंत उभी होती. कंद मऊ झाला की नाही, हे तिने दोनदा काडी टोचून पाहिले, आणि मगच चिंच घातली. पसईचे तांदूळ यंदा मिळाले नाहीत. तामियाकडून कुटकी आणवली होती. शेतावर सालाने असलेल्या गड्याला व त्याच्या घरच्यांना त्या दिवशी आमच्यासोबत पंगतीला बसवले. हे पूर्वीच करायला हवे होते.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. पांढुर्णा-सौंसर भागातल्या जुन्या मराठी घरांत ही भाजी अद्याप होते, परंतु प्रत्येक घरची यादी निराळी. कोणाकडे भेंडी चालत नाही, कोणाकडे कच्ची केळी हवीच, कोणी लोण्याऐवजी ओले खोबरे घालतात. मोहगावात, लोधीखेड्यात, पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीत काय काय गंजात जाते, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आजच विचारून ठेवावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. लिहिताना केवळ भाज्या विचारू नयेत. त्या दिवशी त्या स्वतः कोठे बसल्या होत्या, हेही विचारावे.